मेमरीवर टाकलेला रुमाल

लोखंडेचा प्रोग्रॅम बरोबर होता. मशीन मी अडवलं होतं. हे मी आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीतल्या आमच्या कंपनीत नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी एसी, आमच्यासाठी पंखा, तोही पलीकडच्या खोलीत. मी हजेरीचा प्रोग्रॅम सांभाळायचो. लातूरकडचा लोखंडे प्रोबेशनवर होता. असेंब्लीला लागणाऱ्या पार्टची यादी तो काढायचा. ती पहिल्या शिफ्टच्या आधी स्टोअरला पोचायला हवी. रोज उशीर व्हायचा, लाइन थांबायची, आणि फोरमन फोनवरून लोखंडेच्या घराण्याची चौकशी करायचा.

आता मेमरीचा हिशेब. मशीनमध्ये जागा मोजकी. प्रत्येक प्रोग्रॅमने सुरुवातीलाच सांगायचं, मला एवढी हवी. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीनचा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्रॅम, तेवढी त्याच्या नावावर करून टाकी. त्यातली खरी वापरली किती, हे ती विचारत नसे. कंपनीच्या बसमध्ये सीटवर रुमाल टाकला की सीट गेली, तसंच. रुमालाचा मालक खाली चहा पीत असला तरी उभे असलेले उभेच.

माझा प्रोग्रॅम एकदा जागा कमी पडून मध्येच बंद पडला होता. तेव्हापासून मी दुप्पट मागायचो. दूरदृष्टी म्हणतात तिला. हजेरीचा मान पहिला. त्यामुळे माझा रुमाल आधी पडायचा आणि लोखंडेचा प्रोग्रॅम ताटकळायचा.

"राव, माझं काय चुकायलंय?" तो एकदा म्हणाला. "तुम्ही सीनियर. बघा की जरा."

मी बघितलं. तो घरी गेल्यावर माझा आकडा निम्मा केला आणि दोन्ही प्रोग्रॅम सोडले. शेजारी शेजारी निमूट चालले. यादी वेळेत बाहेर. मग मी आकडा होता तसा करून ठेवला. कारण खरं सांगायचं, तर इतके महिने लाइन कुणी थांबवली तेही सांगावं लागलं असतं.

"तुझं लॉजिक तपास," दुसऱ्या दिवशी मी त्याला सल्ला दिला. बिचाऱ्याने चांगला प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

शेवटी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काय हो, पोरगा कच्चा आहे की मशीन लहान आहे?"

"दोन्ही थोडं थोडं, साहेब."

"तुमचं हे बरं असतं. कुणाला दुखवत नाही तुम्ही."

लोखंडे कन्फर्म झाला नाही. जाताना त्याने माझे आभार मानले. मार्गदर्शनाबद्दल. पुढे माझ्या शिफारशीवरून जादा मेमरी आली. नारळ फुटला, फोटो निघाला. त्यात मी साहेबांच्या शेजारी आहे. त्याच दिवशी मी माझा आकडा आणखी वाढवला. सवयीने हात गेला.

धडा असा की मशीन मागितलेलं मोजतं, लागलेलं नाही. मागणाऱ्याची लाज हाच त्यावरचा एकमेव कंट्रोल. आमच्याकडे तो बसवायचा राहून गेला.

लोखंडे थेरगावात असतो म्हणे, डांगे चौकाच्या बाजूला. त्या रस्त्याने मी अनेकदा जातो. 'तुझा प्रोग्रॅम बरोबर होता' हे चार शब्द मी त्याला देणं लागतो. अजून दिलेले नाहीत.