सोयाबीनच्या ओळीतली मुलाखत

डोणगावच्या संजीवनीने त्रेचाळिशी ओलांडल्यावर बुलढाण्याच्या कॉलेजात समाजकार्याच्या एम.ए.ला नाव घातलं. लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बाकावर बसताना तिला जराही संकोच वाटला नाही. संकोच हा प्रकार तिच्या स्वभावात घालायचा देव विसरूनच गेला होता. पहिल्याच दिवशी तिने डब्यातल्या ठेच्याने अर्धा वर्ग रडवला आणि उरलेल्या अर्ध्याला 'बेटा' म्हणून खिशात घातलं. दुसऱ्या वर्षी प्रबंधाची वेळ आली, तेव्हा बाकीच्यांनी व्यसनमुक्ती, ग्रामस्वच्छता असे कुणाला न दुखवणारे विषय धरले. संजीवनीने घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार हा विषय घेतला.

"झेपेल ना?" मार्गदर्शक अर्पिता मॅडमनी विचारलं. मॅडम वयाने तिच्याहून बऱ्याच लहान.

"मॅडम, म्या भावकीतली भांडणं मिटवली आहेत. त्याच्यापुढं हे काय!"

मॅडमनी नियम सांगितले. बाईशी ती एकटी असतानाच बोलायचं, तिची परवानगी घ्यायची, ती थांब म्हणाली की थांबायचं. आणि आपण कुणाशी कशाबद्दल बोलतोय, हे गावात कुणाला कळू द्यायचं नाही.

संजीवनीने मान डोलावली, घरी आली आणि जेवता जेवता विषय नवऱ्याला सांगून बसली.

देवानंद मोटारपंप दुरुस्त करायचा. पाण्याचा दाब किती असावा हे त्याला कळायचं, पण बायकोबद्दलच्या अभिमानाचा दाब काही त्याला आवरता येत नसे. चार दिवसांत बसस्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लागला. 'घरगुती हिंसाचार व लैंगिक अत्याचार या विषयावर उच्च शिक्षण घेत असल्याबद्दल सौ. संजीवनीताई यांचे हार्दिक अभिनंदन!' मधोमध संजीवनीचा लग्नातल्या शालूतला फोटो. खाली शुभेच्छुकांची रांग, कुणी गॉगल लावलेला, कुणी कानाला मोबाइल धरलेला. आणि त्या रांगेत, कपाळाला टिळा लावून, हात जोडून हसणारा अर्जुन. याच अर्जुनच्या घरातलं ओरडणं निम्मी गल्ली ऐकायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची.

"अहो, हे काय करून ठेवलं?"

"काऊन? फोटो नाही आवडला?"

"बायकोले मारणाऱ्यालेच शुभेच्छुक केलं तुम्ही!"

देवानंदचा चेहरा पडला. "खांब त्याच्याच दुकानापुढचा हाये ना," तो पुटपुटला. "त्याले नाही कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी त्याने फ्लेक्स स्वतः उतरवला, पण तोवर गावाने तो वाचून पाठ केला होता. रस्त्यात माणसं संजीवनीला अडवून आपल्या चारित्र्याचे दाखले देऊ लागली. "वहिनी, लिहून घ्या, म्या आजपर्यंत बोट लावलं नाही," असं एकजण छाती काढून सांगत होता, आणि त्याची बायको मागे उभी राहून पदरात हसत होती. कुणाच्या घरी जावं, तर सासू, दीर, शेजारीण असे सगळे गोळा होत. चहा येई. संजीवनीने तोंड उघडायच्या आत सासूच सांगून टाकी, "आमच्यात तसलं काही नसते हो."

याचं तिला फारसं वाटलं नाही. प्रबंधासाठी दुसरी गावं होती. तिला डाचत होती ती कोकिळा, अर्जुनची बायको. उन्हाळ्यात पिठाच्या गिरणीवर कोकिळा हळूच म्हणाली होती, "ताई, मले तुमच्याशी बोलाचं हाये." आता ती दिसली की मान फिरवून निघून जाई. अर्जुनने तिचा मोबाइल काढून घेतला होता आणि आपली आई मंजुळाबाई तिच्यामागे सावलीसारखी लावली होती. बाहेर पडायला मुभा फक्त निंदणीपुरती, शेतातलं तण काढायला जाणाऱ्या गीताबाईच्या टोळीत. तिथेही मंजुळाबाई बरोबर असेच.

संजीवनी गीताबाईकडे गेली. "मले तुह्या टोळीत घे."

"तुले? इळा धरता येते का, का एम.ए.त तेबी विसरली?"

"कोकिळेच्या बाजूची पात दे."

गीताबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. निंदणाऱ्या बाईच्या वाट्याला ज्या ओळी येतात, ती तिची पात. कुणाची पात कुठे, हे गीताबाई ठरवायची आणि त्यावर वाद चालत नसे. "ये सकाळी," ती म्हणाली.

सकाळी गीताबाईने मंजुळाबाईला पार नाल्याकडची, हराळीने गच्च भरलेली पात दिली. वर मोठ्या आदराने सांगितलं, "मावशी, तुमच्यासारखा जुना हातच पाह्यजे तिथं." मंजुळाबाई फुगली आणि हराळीशी झुंजायला बसली. बाकीच्या बाया झपाझप पुढे निघाल्या. शेताच्या मध्यावर येईस्तोवर सासू मागे ठिपक्याएवढी दिसत होती.

संजीवनीची कंबर पहिल्या ओळीतच बोलू लागली होती. त्यात तिने सोयाबीनचीच दोन रोपं उपटली.

"अगं माय, पीक वाचव!" गीताबाई ओरडली. "शिकली तशी आंधळी झाली बाई!"

सगळ्या हसल्या. कोकिळाही हसली, आणि त्या हसण्यातच संजीवनीने आवाज खाली आणला. "कोकिळे, तुले नसन बोलाचं तं मी नुस्ती निंदतो. बोलली तं कुठंच नाव येणार नाही. मधातच थांबावं वाटलं तं थांबजो."

कोकिळेचा विळा चालत राहिला. पुढच्या बायांनी मुद्दाम की सहज कोण जाणे, मोठ्याने गाणं धरलं. कोकिळा जमिनीकडे बघतच बोलू लागली. आधी मारहाणीचं. पट्ट्याचं, केसांचं, एकदा चुलीतल्या लाकडाचं. संजीवनीने काही लिहिलं नाही, मध्ये काही विचारलं नाही. तिच्या ओळीतलं गवत मात्र मागे राहू लागलं.

मग कोकिळा थांबली.

"ताई, एक इचारू? रात्रीचं... मी नको म्हनतो. तो ऐकत नाही. नवराच हाये म्हनून म्या कोणाले सांगतलं नाही. तेबी याच्यात येते काय?"

 उत्तर संजीवनीला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिने ठामपणे दिलं.

"येते. कायद्यात लिहेल हाये. नवरा असला तरी येते."

"खरंच?"

"खरंच. तालुक्याले, मेहकरले, संरक्षण अधिकारी असते, याच कामासाठी. अभ्यासाचं राहू दे बाजूले. तू नको म्हनली तं यातलं एक अक्षर मी लिहिणार नाही."

"लिहा तुम्ही," कोकिळा म्हणाली. हाताला लागलेली माती तिने लुगड्याला पुसली. "पण आधी मले मेहकरले घेऊन चाला. आजच. घरी गेली तं पुन्हा हिंमत होनार नाही. तिथून अमडापूरले भाऊ हाये, तो ठेवून घेते."

ती उठून उभी राहिली. तिने विळा गीताबाईच्या हातात दिला. टोळीकडे वळून गीताबाई म्हणाली, "कोकिळेच्या ओळी वाटून घ्या गं. हिच्याबी घ्या, तसंबी पीकच उपटून राह्यली होती."

दोघी ओळीओळीतून रस्त्याकडे निघाल्या. संजीवनीने चालता चालता देवानंदला फोन लावला आणि मोटारसायकल घेऊन शेतापुढच्या रस्त्यावर या, तोंडातून शब्द काढू नका, असं बजावलं. तेवढ्यात नाल्याकडून मंजुळाबाईची हाक आली.

"कोकिळे! कुठं चालली व?"

संजीवनी उत्तर द्यायला वळणार होती, पण कोकिळेने तिचा दंड धरला. मग ती स्वतःच वळली आणि शेतभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मेहकरले!"