पंगत उठल्यावर

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वाढल्यावाचून धाड गावाच्या परिसरात कोणी पोटभर जेवला असेल, यावर माझा विश्वास नाही. लग्न असो वा मारुतीचा भंडारा, खांद्यावर पंचा टाकून ते वरणाची बादली घेऊन निघाले की पंगतीत भराभर हात आडवे होत, आणि त्या हातांच्या फटींतून वरण नेमके पत्रावळीवर उतरे. "पोट भरलं," म्हणणाऱ्यास ते विचारीत, "कोनाचं? मले तं रिकामं दिसून राह्यलं!" एकदा नवरदेवाचे मामा त्यांच्या आग्रहाला भिऊन पत्रावळीवर ओणवे झाले, तेव्हा ह्यांनी गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा शांतपणे त्यांच्या टोपीत ठेवला. "वाटेनं खाऊन घेजा." स्वतः मात्र पंगत उठेपर्यंत ते पाण्याचा घोटही घेत नसत; माझे कोणतेही व्रत इतके कडक नव्हते.

आता त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. हा शब्द मी पाठशाळेत गीतेत शिकलो. अर्थ शेजारी शिकवीत आहेत. मुलाला ते आचारी समजतात आणि मिठावरून दटावतात. त्यांना मामाजी म्हणणारी सून त्यांच्या लेखी यजमानीण. इथवर सारे हसत होते. पण मध्यंतरी त्यांनी जेवणच सोडले. ताट पुढे केले की म्हणत, "पंगत बसेल हाये, मी कसा जेवू?" देह वाळू लागला. अखेर सूनबाईंनीच युक्ती काढली: रोज दुपारी ओसरीवर पंगत बसवायची, त्यांनी वाढायचे, पंगत उठली की ते जेवत. आचारी आणि यजमानीण पंगतीत चालत नसत. पाहुणा बाहेरचाच हवा.

परवा एकादशीला सारी आळी चिखलीस लग्नाला गेलेली. सूनबाई दाराशी आल्या. "काकाजी, तुमचा उपास हाये, मले ठाऊक हाये. पन मामाजी कालपासून जेवले नाहीत. नुसते पाटावर बसता का?"

नुसते बसून त्यांची पंगत कशी उठणार? रोडगा पुढे येताच सवयीने मी हात आडवा केला.

"महाराज, माह्या पंगतीतून कोनी उपाशी उठत नाही." रोडगा पुढे धरून ते हटेनात.

नारायणाची मनोमन क्षमा मागून मी घास घेतला. क्षमा एका घासाची मागितली होती. रोडगे तीन झाले. मी हात धुतले तसे ते पाटावर बसले आणि मन लावून जेवू लागले. मग सुनेकडे झुकून हळूच म्हणाले, "हे बुवा कोन्या गावचे व्हय वं? लय दिसाचे भुकेले दिसतात बिचारे. उद्या बी बलाव त्यायले."

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. एका भिंतीआड ते आणि मी म्हातारे झालो.

"इथलाच आहे," मी म्हणालो. "उद्या येतो."