राऊटरकाका

राऊतकाकांना लीड्समधली आम्ही मराठी मंडळी राऊटरकाकाच म्हणायचो. मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळून रिटायर झालेले. कुणाच्याही घरी गेले, की चहाला हो म्हणायच्या आधी विचारायचे, "राऊटर कुठे आहे? आणि पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?" लोक हसायचे. मीही हसले होते.

मग त्यांना माझ्याच घरी बोलवायची वेळ आली. माझा नवरा समीर सहा महिन्यांपूर्वी मँचेस्टरला वेगळा राहायला गेला होता. तरीही मी सॉलिसिटरकडे कधी जाते, घरात कुणाशी काय बोलते, सगळं त्याला कळायचं.

"मला भास होतायत का हो, काका?"

"बघू या."

आधी नुसतं बघायचं, कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. लॅपटॉपवर राऊटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून त्यांनी एकेक ओळ तपासली. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, शेल्फवरच्या स्मार्ट स्पीकरकडे खूण केली आणि कागदावर लिहिलं : 'समीर आत्ता जोडलेला आहे.'

घर सोडताना त्यानं व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा, एक चोरदरवाजा स्वतःसाठी उघडा ठेवला होता. घरातले कॅमेरे, स्पीकर, माझा लॅपटॉप, सगळं एकाच नेटवर्कवर, त्याच्या हातात.

फोन घरातच ठेवून आम्ही मागच्या गार्डनमध्ये गेलो.

"बंद करून टाका ना ते, काका!"

"बंद केलं की त्याला कळेल. राग आला की काय करतो तो?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मारतो," मी म्हणाले.

काका म्हणाले, "आधी पोलीस, मग वायरी."

त्यांनी स्क्रीनचे फोटो काढले आणि पोलीस स्टेशनात माझ्या शेजारी तीन तास बसून राहिले. समीरनं माझ्या जवळ येऊ नये अशी कोर्टाची ऑर्डर हातात पडेपर्यंत मला मैत्रिणीकडेच राहायला लावलं. त्यानंतर घरी येऊन नवा राऊटर बसवला. नेटवर्कचे तीन भाग केले : कॅमेरे एकात, पाहुणे दुसऱ्यात, माझं काम तिसऱ्यात. "एका खोलीत चोर शिरला, तरी दुसरीचं दार बंद पाहिजे." बाहेरून घराशी जोडायला नवा व्हीपीएन, फक्त माझ्या फोनवर. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"काका, तुमच्यापासून काय लपवायचं?"

"उद्या मीच वाईट निघालो तर? शिकून घे. माझ्यावरही अवलंबून राहू नकोस."

त्यांनी खरंच शिकवलं. दर रविवारी, वर्षभर. मी चुकले की म्हणायचे, "पुन्हा. पहिल्यापासून."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. महिन्याभरानं ब्रॅडफर्डहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. माझा नंबर तिला काकांच्या बायकोनं दिला होता. आवाज अगदी दबका.

"काकांकडून तुम्ही शिकलात ना? माझ्या घरी..."

"थांब. कुठून बोलतेयस?"

"लायब्ररीतून. इथल्याच फोनवरून."

"तिथेच बस, घरी जाऊ नकोस," मी म्हणाले आणि कोट चढवला. "मी निघाले."