पुळणीतला आडवा खुंटा

सातवीत शाळा सोडली ती जनावरांमागंच. आमच्या सोलापूरकडं काळ्या मातीत खुंटा ठोकला की बैल उपसू शकत नाही. पण घोडी घेऊन रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलो, पर्यटकांना फेऱ्या मारायला, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, पुळण, ही किनाऱ्याची मऊ वाळू, खुंटा धरत नाही. वाळूत वरून घट्ट वाटतो. घोडीनं मान झटकली की दुधाच्या दातासारखा बाहेर.

इथल्या गावच्या मंडळींनी आधीच बजावलं होतं, "जनावर माणसांत शिरलं, की त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा." तिकडं सोलापूरकडं माझं घर या एका घोडीवर चाललेलं. जेवण गोड लागेना.

एका दुपारी कुणीतरी वाढदिवसाचा फटाका लावला. घोडी उधळली. उपसलेला खुंटा दोराच्या टोकाला उड्या मारत तिच्यामागं, आणि समोर वाळूत खेळणारी पोरं! मी ओरडत पळालो, पण पाय रुतत होते. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या चाचांनी हातातलं अख्खं जाळं त्या खुंट्यावर फेकलं. खुंटा गुरफटला, जाळ्याला लावलेल्या शिशाच्या वजनानं घोडी पोरांच्या अलीकडंच अडखळली.

जाळं चांगलंच फाटलं होतं.

"चाचा, तुमचं जाळं..."

"जाळं शिवता येतं. पोर शिवता येतं काय?" ते म्हणाले. मग खुंट्याकडं बघून, "तुमच्या मुलखात ह्याला उभा ठोकतात?"

"होय."

"इथं झोपव त्याला."

त्यांनी माझ्याकडून मांडीएवढा खोल खड्डा खणून घेतला. तोच खुंटा तळाशी आडवा ठेवला, मधोमध दोर बांधून टोक वर काढलं, वाळू लोटून तुडवली. "आमच्या होड्या अशाच बांधलेल्या राहतात, वरची सगळी वाळू खुंट्याला दाबून धरते. आता तुझ्या राणीला ओढू दे."

संध्याकाळी गावची मंडळी आलीच. दोघांनी दोर ओढून पाहिला, हलला नाही.

"आणि परत फटाका वाजला तर?" एकानं विचारलं.

चाचा म्हणाले, "वाजवा ना."

वाजवला. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, दोर ताणला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती फुरफुरत जागच्या जागी होती.

"राहा," मंडळी म्हणाली, "पण लक्ष ठेव."

ठेवतो. अजून जेवताना दोर मांडीखाली दाबून बसतो. चाचा येता-जाता हसतात, "अरे घोडेवाल्या, भाकरी तरी निवांत खा की!"