रास्ता रोकोतली म्हातारी

जाफराबादहून जालन्याला निघालेल्या काळीपिवळीत माझ्याशेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर तरण्या मुलाचं डोकं. त्याला साप चावला होता. गावच्या आरोग्य केंद्रात मंत्र्यांच्या नावाची कोनशिला होती, सापाचं इंजेक्शन नव्हतं.

वाटेत रास्ता रोको. "पेशंट हाय," ड्रायव्हर ओरडला.

"सगळेच पेशंट सांगतेत," कार्यकर्ते हसले.

म्हातारीने चादर मुलाच्या तोंडावर ओढली आणि हंबरडा फोडला. लगेच पुढाऱ्यांनी हात जोडले, आडवा ट्रॅक्टर बाजूला झाला.

पुढे जाताच तिने चादर काढून मुलाच्या गालावर चापट मारली. "झोपू नको रे!" मग मला म्हणाली, "जित्याला कोन वाट देतं भाऊ? मुडद्याला बराबर देतेत."

संध्याकाळी सिव्हिलमध्ये पोरगा चहा मागत होता. जिल्ह्याचा मृत्युदर घटला की सत्काराच्या शाली पुढाऱ्यांनाच मिळतील. तिचं नाव मीही विचारलं नाही.