गडगा आणि गप्प बसणारी बाई

आमच्या पडवीत राहायला आलेली गोरी बाई दर रविवारी सकाळी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चटई टाकून तासभर गप्प बसायची. विचारलं तर म्हणायची, ही माझी प्रार्थना. समोर देव नाही, दिवा नाही, पोथी नाही, भटजी नाही नि पाद्रीही नाही. सासूबाई मला चुलीपाशी गाठून विचारायच्या, "काय गो, हिला कायतरी दुखतं तर नाय ना?"

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. हातखंब्याहून एस्टीने आत यायचं आणि फाट्यावर उतरून चालत सुटायचं, असं आमचं गाव. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि हे मुंबईला नोकरीला होते. बाई शिमगा सरल्यावर विहिरींच्या कामासाठी आली. वयाने सासूबाईंएवढी, मराठी बरं बोलायची. ती क्वेकर होती. म्हणजे ख्रिस्तीच, पण त्यांच्यात पुरोहित नसतो. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं, कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो देवाचाच शब्द समजून त्याने सांगायचं, बाकीच्यांनी वाद न घालता ऐकायचं. मी तिच्याजवळ जाऊन बसायला लागले ती काही भक्तीने नव्हे. आठवड्यात तेवढा एकच तास मला कुणी हाक मारत नसे!

बसणं झालं की ती आपल्या आजीची वही काढायची आणि वाचता वाचता मराठीत सांगायची. आजीच्या लहानपणी ते सगळं कुटुंब त्यांच्या देशात बैलगाड्यांतून पश्चिमेला निघालं, ओसाड माळावर थांबलं, लाकडाचं घर बांधलं, जमीन फोडली. मला एकदम सासरे आठवले. आमच्या बाबांनी पहारीने कातळ फोडून, खालच्या मळ्यातली माती टोपल्यांनी वर वाहून हापूसची कलमं जगवली होती. मी फुशारकीने तसं सांगितलं. बाईने वही मिटली.

"आमच्या लोकांवर कादंबऱ्या आहेत," ती म्हणाली. "त्यांत सगळे फार भले असतात. आजीच्या वहीत मात्र एक पान आहे. ती जमीन ओसाड नव्हती, तिथं आधी दुसरी माणसं राहत होती. माझ्या पणजोबांना ते माहीत होतं. जन्मभर दर रविवारी ते गप्प बसले आणि तेवढंच कधी बोलले नाहीत."

आता यात गप्प बसणं चांगलं की वाईट, मला काही कळेना.

मे महिन्यात चुलत सासरे तावातावाने आमच्या खळ्यात आले. दोघांच्या बागांमध्ये दगड रचलेला गडगा आहे, तो सरकलाय, माझी दोन कलमं तुमच्यात आली, असं त्यांचं म्हणणं. बाबांचा पारा चढला. गावकरी जमले. कुणीतरी म्हणालं, ही बाई कुणाचीच नाही, रोज त्या वाटेने जाते, तिने देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगावं. बाई म्हणाली, "मी आले तेव्हापासून गडगा इथंच आहे. त्याआधीचं मला माहीत नाही. पण शपथ मी घेणार नाही. शपथेवर खरं बोलायचं, तर एरवी काय खोटं बोलते?"

झालं! ही हात ठेवत नाही म्हणजे पाणी मुरतंय, असं गावाने ठरवून टाकलं. बाबा ओरडले, "हात मी ठेवतो. सोमवारी. खोटं असेल तर माझं घर बुडेल."

शिमग्याआधी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, सासूबाई त्यांच्याबरोबर आठ दिवस रत्नागिरीला होत्या. त्याच आठवड्यात हे रजेवर आले होते. गडगा ढासळलाय, पुन्हा रचू या, म्हणाले. दोन दिवस मी दगड उचलून देत होते. तो खरंच ढासळला होता का? आपण होता तिथंच रचला का? मी नवी, मला त्या बागेतलं काय ठाऊक! पण दगड खाली वाहून नेताना पाठ भरून आली होती, एवढं पक्कं आठवत होतं. पडलेला गडगा रचायला दगड इतके लांब कशाला न्यावे लागतात?

रविवारी बाबा प्रथमच चटईवर येऊन बसले. बाईनेही शपथ घ्यावी म्हणून तिला मुकाट्याने वाकवायचा त्यांचा बेत असावा. अर्धा तास गेला. उद्या हा माणूस नकळत खोटी शपथ घेणार, ही भीती मला सोडेना. बोलावं तर नवऱ्याला चोर ठरवायचं. मध्येच बाईच्या पणजोबांचं ते पान आठवलं, आणि मी बोलून गेले. देवाने बोलायला लावलं की भीतीने, ते अजून मला सांगता येत नाही.

"बाबा, शिमग्याआधी गडगा आम्ही दोघांनी रचला. मी दगड दिले. तो खाली सरकला असावा."

बाबा उठले, पहार घेतली आणि बागेकडे गेले. त्याबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही, पुढेही नाही. दोन दिवसांत गडगा वर गेला, दोन कलमं पलीकडे गेली, आणि पायरीवर कुणालाच हात ठेवावा लागला नाही.

गणपतीला हे आले तोवर बाई तिच्या देशी परतली होती. बागेत चक्कर मारून हे लालबुंद होऊन आले. मी मोदकांसाठी नारळ खवत होते.

"गडगा कुणी हलवलान?"

"मी," बाबा म्हणाले.

"तुमच्या डोळ्यांना दिसलं तरी काय? कुणी सांगितलं तुम्हांला?"

माझा हात खोबऱ्यावरच थांबला. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"देवानं सांगितलंन," ते म्हणाले.

बाबा खोटं बोलले का, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण यांनी शपथ मागितली असती तर त्या वाक्यासाठी बाबांनी पायरीवर हातही ठेवला असता.