पालथी शिळा

आमच्या गावात टपाल आणणारे भाऊ तेरच्या बाजूचे आहेत, जिथं जमिनीतून जुन्या वस्तू निघतात. जुना दगड दिसला की ते गाडी लावतात, चपला काढतात आणि मगच त्याला हात लावतात. किती जुना आहे असं विचारलं तर म्हणतात, "मला न्हाय सांगता येत." पारावरची माणसं हसतात, "मग बघता कशाला?"

माझ्या धुण्याच्या शिळेकडं बघून ते नेहमी म्हणायचे, "वहिनी, एकदा उलटून बघू का?" मी लाजून आत जायची. खाली काही निघालं तर शिळा नेतील, अशी भीती वाटायची.

परवा मोरी दुरुस्त करायला आमच्या मालकांनी शिळा काढायला घेतली, तेव्हा टपाल घेऊन आलेल्या भाऊंनीही पहार लावली. शिळा उलटली. खालच्या अंगाला घोड्यावरचा वीर कोरला होता आणि शेजारी एक बाई. तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा दिसत होत्या. इतकी वर्षं मी तिच्या पाठीवर धुणं आपटलं होतं. मला रडू आलं.

मालक म्हणाले, "देवळापुढं उभी करू. शेंदूर लावू."

भाऊ हळू म्हणाले, "देवळापुढच्या शिळा बघा, शेंदरानं नाकडोळं बुजलेत. ही वहिनींकडं पालथी होती म्हणून तोंड राहिलं." मग माझ्याकडं वळले. "वहिनी, तुम्ही सांगा. काय करायचं?"

घरात असं मला कुणी विचारत नाही. मी म्हणाले, "पालथीच ठेवा."

भाऊंनी खाली पोतं अंथरलं आणि शिळा अलगद पालथी केली.

धुणं मी आता ओढ्यावर नेते.